आक्काची जागा

आमचे शेजारी नत्थूजी वाक्य पुरं करत नसत. बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. एकदा तोंड सुरू झालं की मे महिन्यातल्या कूलरसारखं धडधडत राहायचं. पण वाक्याच्या शेवटच्या शब्दापाशी आले की ते थांबायचे, मान जराशी तिरकी करायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. "काय ऊन हाय गा सुधाकर, रस्त्याचं डांबर बी..." आणि गप्प. मी "वितळलं" म्हटलं की चेहरा खुलायचा. नाही म्हटलं तर भर रस्त्यात, सायकल हातात धरून, ते तसेच उभे. मागून रिक्षावाला घंटी वाजवून वाजवून थकायचा. मग नत्थूजी वळून त्यालाच म्हणायचे, "तू तरी झील धर ना गा!"

झील म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे गाण्यात एकानं ओळ टाकायची असते आणि दुसऱ्यानं ती उचलून पुरी करायची असते. त्या दुसऱ्याच्या ओळीला झील म्हणतात, आणि पुरी करण्याला झील धरणं. गाण्यात हे ठीक आहे. नत्थूजींनी ते रेशनच्या दुकानापर्यंत नेलं होतं.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीला त्याची इतकी सवय झाली होती की कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कोपऱ्यावरच्या हॉटेलात ते "दोन चाय, त्यातली एक..." म्हणायचे आणि भट्टीजवळून आवाज यायचा, "बिनसाखरेची!" माझी आई तर पोळ्या लाटता लाटता भिंतीपलीकडच्या नत्थूजींची वाक्यं पुरी करायची. ते त्यांच्या बायकोला काहीतरी सांगत असायचे आणि उत्तर आमच्या स्वयंपाकघरातून जायचं. त्यांची बायको म्हणायची, "बरं झालं वं काकू, माह्या अर्धा तरास वाचते."

गल्लीतले गोविंदराव वारले तेव्हा मी आणि नत्थूजी सोबतच भेटायला गेलो होतो. गोविंदरावांची बायको दोन दिवस नुसती भिंतीकडे बघत बसली होती. रडली नव्हती, बोलली नव्हती. नत्थूजी समोर बसले, हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, लय भला मानूस होता गोविंदा. पन खरं सांगू का, सोभावानं थोडा..." आणि मान तिरकी. मी नत्थूजींच्या सदऱ्याची बाही ओढली. ते हलले नाहीत. वहिनींनी हळूच तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "कंजूस होता." मग त्या स्वतःच घाबरल्या, मग हसल्या, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं ते आवरता आवरेना. सगळ्या बायका त्यांच्याभोवती गोळा झाल्या.

पोटासाठी नत्थूजी इतवारीत एका लुगड्याच्या दुकानात गादीवर बसायचे. शेठ त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपायचा, आणि त्याचं कारणही ही खोडच. नत्थूजी लुगडं झरकन उलगडायचे, पदर बाईच्या खांद्याशी धरायचे आणि म्हणायचे, "बाई, हा रंग तुमाले असा..." बाईच्या तोंडून आपसूक निघायचं, "शोभते." आता स्वतःच्याच तोंडानं शोभते म्हटल्यावर ते लुगडं खाली ठेवणार कोण? बाकीचे नोकर घसा कोरडा करून मालाचे गुण गायचे आणि नत्थूजी गिऱ्हाइकाकडूनच ते वदवून घ्यायचे.

आणि नत्थूजी गायचे. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती, पण त्यांच्याबद्दल बोलताना माझंही असंच इकडचं तिकडे होतं. गाणी स्वतः जुळवायचे, चाली स्वतः लावायचे. त्यांचं मूळ गाव नागपूरजवळच्या मौद्याच्या अलीकडचं एक खेडं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे पोरी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. नत्थूजींची मोठी बहीण शेवंताआक्का या धाकट्या भावाला कडेवर घेऊन त्या गाण्यांना जायची. पोरगं कडेवरूनच ओळ टाकायचं आणि आक्का टाळी वाजवून झील धरायची. पुढे पोरगं मोठं झालं, स्वतःची गाणी करू लागलं. पण करायचं म्हणजे अर्धंच. ओळ नत्थूजींची, झील आक्काची. गाणं दोघांनी मिळून पुरं व्हायचं, आणि ते कागदावर उतरवायची दोघांनाही कधी गरज वाटली नाही.

भुलाबाईच्या त्या जुन्या वळणावर ढोलकी आणि बुलबुलतरंग चढवून नत्थूजींनी जे केलं ते लग्नामांडवात फार चाललं. सत्तर सालच्या आगेमागे मुंबईच्या एका कंपनीचा माणूस नागपूरला आला होता, त्याच्या कानावर ते पडलं आणि नत्थूजींची रेकॉर्ड निघाली. काळी, बशीएवढी तबकडी. दोन्ही बाजू मिळून चार गाणी. त्यातल्या एकानं कहर केला:

हळद लागली कोपराले,
पुसू कोनाच्या पदराले?

आणि त्याची मूळची झील अशी:

माह्या पदराले वं बाई, माह्या पदराले!

त्या काळात आमच्याकडे हळदीचा मांडव म्हणजे हे गाणं असं समीकरणच झालं होतं. चिंचेच्या झाडाला कर्णा बांधला की पहिली हीच तबकडी. माझ्या स्वतःच्या लग्नात ती इतक्यांदा वाजली की माझ्या सासऱ्यांनी शेवटी लाउडस्पीकरवाल्याला हात जोडले. नत्थूजी इतवारीत नुसते रस्त्यानं निघाले तरी पोरंसोरं "हळद लागली" म्हणून ओरडायची आणि नत्थूजी थांबून मान तिरकी करायचे. पुढचं पोरं म्हणायची.

एवढं नाव झाल्यावर माणसानं दुसरी रेकॉर्ड काढावी की नाही? नत्थूजींची दुसरी निघेना. एक वर्ष गेलं, दोन गेली, कंपनीचा माणूस येऊन गेला, तबकड्या जाऊन कॅसेटी आल्या, तरी निघेना. कुणी विचारलं, "नत्थूजी, दुसरी कधी?" की ते म्हणायचे, "आक्का..." आणि विचारणाराच म्हणायचा, "हो म्हणंल तवा."

कारण पहिल्या तबकडीवर जी झील होती ती आक्काची नव्हती.

ही हकीकत नत्थूजींनी मला एकदा तुकड्यातुकड्यांनी सांगितली. रेकॉर्ड ठरली तेव्हा मौद्याला दिलेल्या आक्कालाही मुंबईला न्यायचं ठरलं होतं. तिनं नवं लुगडं काढलं, म्हशींची धार शेजारणीवर सोपवली, मौद्याला सगळ्या सोयऱ्यांत सांगून ठेवलं आणि निरोपाची वाट बघत बसली. नत्थूजी पुढे गेले. तिकडं स्टुडिओत दोन पोरी आधीच उभ्या होत्या, पगारी, माईकला सरावलेल्या. "मंग त्या बाबूनं मले इचारलं, कोरस आमचाच चालंल ना? सुधाकर, थो एवढा मोठा स्टुडिओ, थंडगार मशिन लागून राहिली, अन् मी त्याले..."

मान तिरकी. मला नको होतं, पण ते थांबूनच होते.

"हो म्हटलं," मी म्हणालो.

नत्थूजींनी नुसती मान हलवली आणि ते उठून गेले.

पुढचं मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मौद्याला सोयऱ्यांतलंच एक लग्न होतं. पंगत बसली होती. कर्णा सुरू झाला, "हळद लागली" लागलं, आणि सगळ्या पंगतीनं आक्काकडे बघितलं, की आता हिचा आवाज येणार. आला तो भलत्याच कुणाचा, आणि तोही "माझ्या पदराला गं बाई" असा धुऊनपुसून. आक्का भरल्या ताटावरून उठली. एवढंच म्हणाली, "पदर माह्या होता. त्यानं दुसरीचा धरला." त्या दिवसापासून आक्कानं गाणं टाकलं. भुलाबाईलाही तोंड उघडलं नाही. आणि नत्थूजींशी बोलणं टाकलं.

म्हणजे अबोला होता, पण रीत मोडली नव्हती. दर भाऊबीजेला नत्थूजी मौद्याला जायचेच. मी एका वर्षी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो होतो, तेव्हा हा सोहळा डोळ्यांनी पाहिला. आक्का उंच, हडकुळी बाई, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चालणं ताठ. तिनं पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं, हातावर करंजी ठेवली. सगळं यथासांग, फक्त मुक्यानं. नत्थूजी पाटावरून म्हणाले, "आक्का, औंदा धान कसं..." आणि मान तिरकी केली. आक्कानं निरांजन उचललं आणि आत गेली. नत्थूजी तसेच बसून राहिले. तिचे यजमान, बिचारे भले गृहस्थ, त्यांनी "बरं झालं, बरं झालं" म्हणून घाईघाईनं वाक्य पुरं केलं. पण नत्थूजींची मान सरळ झाली नाही. सगळं नागपूर ज्याची झील धरत होतं त्याच्यासमोर ही एक बाई गप्प होती, आणि त्याला तेवढ्या एकीचीच हवी होती.

दिवस कॅसेटींचे आले. गांधीबागेत मुन्ना सेठ म्हणून एकानं कॅसेटी काढायचा धंदा सुरू केला. तो नत्थूजींच्या मागे हात धुऊन लागला. "नत्थूजी, पब्लिक मांग रही है. आप हाँ बोलो, बाकी मेरे पे छोड़ो." नत्थूजींचं आक्कापुराण त्याला पाठ होतं. तरी तो यायचा, चहा प्यायचा, जायचा.

एकदा होळीनंतर नत्थूजी आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "सुधाकर, मुन्नाले सांग, काढू दुसरी. आक्का येत नसंल, तर मंग आक्काच्या..." मी नेहमीसारखं तोंड उघडलं, आणि काही सुचलंच नाही. आक्काच्या जागी दुसरी? आक्काच्या नावानं? मी दोन-तीन शब्द टाकून पाहिले. नत्थूजींनी एकेकाला मान हलवली आणि निघून गेले.

रेकॉर्डिंग आमच्या घरच्या मधल्या खोलीत झालं. मुन्ना सेठनं मोठा टेप आणि माईक पाठवला आणि बटणं दाबायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीला होतो ना! आता मी तिथं भांडारात नटबोल्ट वाटत असे, पण गल्लीच्या लेखी विजेवर चालणारी यच्चयावत वस्तू हे माझं खातं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, दाराला सतरंजी लावली, आणि आवाज येतो म्हणून कूलर बंद. नागपूरचा चैत्र! नत्थूजी, ढोलकीवाले हमीदभाई, बुलबुलतरंगवाला आणि मी, चौघंही उकडलेल्या बटाट्यासारखे झालो होतो.

नत्थूजींनी ओळ टाकली. आवाज तसाच होता, जरा खरबरीत झालेला, पण तोच.

कोन्या गावची आली गाडी?
चाकं वाजली उतराले.

आणि त्यांनी हात वर केला. हमीदभाईंची ढोलकी थांबली. बुलबुलतरंग थांबलं. खोलीत एकदम चिडीचूप. टेपची चाकं नुसती फिरत होती. मला वाटलं काही बिघडलं, म्हणून मी बटणाकडे हात नेला. नत्थूजींनी डोळ्यांनीच दरडावलं. डोळे मिटून, मांडीवर हलके थोपटत ते बसले होते. ओठ किंचित हलत होते. मग डोळे उघडले, दुसरी ओळ टाकली, ढोलकी सुरू झाली, आणि ओळ संपली की पुन्हा तीच शांतता.

गाणं संपल्यावर मी म्हटलं, "नत्थूजी, हे मधे मोकळं काय सोडलं?"

"थे आक्काची जागा हाय."

"मग निदान ढोलकी तरी वाजू द्या."

हमीदभाई कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "नहीं भाई. आक्का टाळीवर गाते. उसकी झील पे ढोलकी कभी बजी ही नहीं."

"पण जागा एकसारखी कशी येते? मनात मोजता का?"

नत्थूजी म्हणाले, "मोजाले काय गहू हाय? आक्काचं ऐकतो. थे संपलं का माह्यी ओळ..."

"टाकता," मी म्हणालो.

सगळी गाणी आक्कासोबत जुळवलेली जुनीच होती, आणि सगळी अशीच झाली. मुन्ना सेठनं टेप ऐकला आणि खूश झाला, कारण त्याला वाटलं मोकळ्या जागेत पोरींचा कोरस नंतर भरायचा आहे. भरायचं नाही म्हटल्यावर तो डोक्याला हात लावून बसला. पण कॅसेटींवर लावायची चित्रं छापून तयार होती, लग्नसराई तोंडावर होती. नत्थूजींची समजूत घालता घालता शेवटी त्यानं स्वतःचीच घातली. "चलो, लोग समझेंगे नया इस्टाइल है."

लोकांना तसं समजलं नाही. हुडकेश्वरला एका लग्नात कॅसेट लागली, पहिली ओळ झाली आणि आवाज गेला. लाउडस्पीकरवाल्यानं मशीनवर बुक्की मारली, आवाज आला. पुढच्या ओळीनंतर पुन्हा गेला. त्यानं पुन्हा मारली. बिचाऱ्याला वाटलं आपल्या बुक्कीनंच चालू होतंय. मांडव उठेपर्यंत त्याचा हात सुजला होता. दुसऱ्या एका ठिकाणी लोकांनी तार तपासली, फ्यूज बदलला, आणि मी दिसल्याबरोबर मला घेरलं, "काहून गा, तुमच्या कोराडीले काय झालं? लाइन मिनिटा मिनिटाले जाऊन राहिली!" पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी लाइन गेली असं सांगणारी माणसं मी त्या उन्हाळ्यात पाहिली. कॅसेटी परत येऊ लागल्या. मुन्ना सेठच्या दुकानात त्यांची चळत लागली आणि त्याचं बोलणं दिवसेंदिवस कडू होत गेलं.

नत्थूजींवर कशाचा परिणाम नाही. ते संध्याकाळी दुकान सुटलं की गांधीबागेत जायचे आणि विचारायचे, "आज आली का गा, मौद्याहून..."

"परत? नहीं आई," मुन्ना सेठ म्हणायचा. "सारी दुनिया से आई, आपके मौदा से नहीं आई."

मग नत्थूजी समाधानानं घरी यायचे.

मौद्याला कॅसेट मीच पोचवली होती. आक्काच्या मुलानं घरी टेप घेतलेला होता, हे मला माहीत होतं. मी कॅसेट पुढे केली, नत्थूजींनी पाठवली म्हणून सांगितलं. आक्का म्हणाली, "ठेव तिथं," आणि मला पन्हं दिलं. जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. कॅसेटचा विषय काढला नाही, मीही काढला नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला नत्थूजी नव्या धोतरात मौद्याला गेले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले. मी ओट्यावरच होतो. "काय म्हणाली आक्का?" मी विचारलं. नत्थूजींनी करंजीची पुडी माझ्या हातावर ठेवली. "ओवाळलं," म्हणाले. गाणं नाही, कॅसेट नाही, काही नाही. त्या दिवसानंतर मात्र ते जरा खचल्यासारखे झाले. हॉटेलात "दोन चाय" एवढंच म्हणायचे आणि पुढचं विसरून जायचे. माझ्या आईनं भिंतीपलीकडे कान लावून लावून शेवटी विचारलं, "नत्थूजीची तब्येत बरी नाही का रे?"

थंडी पडल्यावर एक दिवस ते मला म्हणाले, "सुधाकर, तू एकडाव जाऊन पाह्य. थे वाजवते, का नुसती..."

"ठेवून देते," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर वाईट वाटलं.

रविवारी मी मौद्याला गेलो. धान घरात आलं होतं, अंगणभर तणस पडलं होतं. गाडी फाटकाबाहेर लावली आणि आत जाणार तोच नत्थूजींचा आवाज ऐकू आला. आतल्या खोलीत टेप चालू होता. "कोन्या गावची आली गाडी, चाकं वाजली उतराले." मी जागच्या जागी थांबलो. ओळ संपली. ती ओळखीची शांतता आली. त्या शांततेत दोन टाळ्या वाजल्या, एका बारीक, चिरक्या आवाजानं "माह्या..." एवढं म्हटलं, आणि मग खोकल्याची उबळ आली. खोकला संपायच्या आत नत्थूजींची पुढची ओळ निघून गेली होती. खटकन बटण बंद झालं. टेप मागे फिरवल्याची किरकिर ऐकू आली. मग पुन्हा गाडी आली, पुन्हा चाकं वाजली, पुन्हा टाळ्या, आणि पुन्हा मधेच खोकला.

मी मुद्दाम चपला वाजवत आत गेलो. आक्कानं टेपवर फडकं टाकलं, जसं काही तिथं टेप नव्हताच. चुलीवर चहा ठेवला. चहा घेताना मी आजूबाजूच्या गोष्टी बोललो, ती हूं हूं करत होती. तिचा श्वास लोहाराच्या जुन्या भात्यासारखा वाजत होता. मी उठलो तेव्हा ती दाराशी आली आणि इतवारीच्या दुकानात एखाद्या गिऱ्हाइकानं खराब माल परत करायला आल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाली, "त्याले सांगजो. माल खोटा हाय त्याचा."

"काय झालं आक्का?"

"जागा लहान सोडली त्यानं. पुरत नाही."

मी पायात घातलेली चप्पल पुन्हा काढली.

"मले दमा हाय गा आता," आक्का म्हणाली. "दोन वर्सं होऊन राहिली. अर्ध्यात दम तुटते, अन् हा आपला निंगाला पुढं. थांबाले काय होते त्याले?" मग जरा वेळानं, पदर ठीक करत, "त्याले काय माहीत म्हना. आम्ही बोलतो कुठं?"

परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. नत्थूजी ओट्यावर घोंगडी घेऊन बसले होते. मी स्कूटर लावली आणि आक्काचे शब्द होते तसे सांगितले. माल खोटा आहे. जागा लहान सोडली. दम पुरत नाही.

मला वाटलं होतं ते आनंदानं नाचतील. गाते ना ती! पण त्यांनी घोंगडी अंगाभोवती आवळून घेतली. रस्त्याकडे बघत बसले. गल्लीत कुणी शेकोटी पेटवली होती, तिचा धूर येत होता. मग ते म्हणाले, "आक्का म्हातारी झाली."

मी सवयीनं वाट पाहिली. मान तिरकी झाली नाही. वाक्य संपलं होतं.

त्या संध्याकाळी आम्ही खिडक्यांना पुन्हा गोधड्या लावल्या. हमीदभाईंना घरून उठवून आणलं, तेही काही न विचारता ढोलकी घेऊन आले. मुन्ना सेठला कळवलं नाही. ही कॅसेट एकच निघणार होती, माझ्या साध्या टेपवर, आणि ती दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मौद्याला जाणार होती. माझी आई शाल पांघरून दारातच बसली.

नत्थूजींनी ओळ टाकली. गाडी आली, चाकं वाजली, हात वर झाला, ढोलकी थांबली. मी त्यांच्याकडे बघत होतो. डोळे मिटलेले, मांडीवर हात, ओठ हलत असलेले, पण या वेळी फार सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून पायरी उतरवावी तसे. माझी आई नकळत पुढे झुकली होती. जागेच्या अर्ध्यात नत्थूजींचे ओठ थांबले. त्यांनी छाती भरून एक लांब श्वास घेतला, आक्काच्या वाटचा, आणि मग उरलेली झील पुरी होईपर्यंत ते थांबून राहिले.